हँडल बसेपर्यंत

गल्लीत त्याला सगळे दातवाला म्हणत. त्यानं कुणाचा दात कधी उपटला नव्हता, कुणाच्या तोंडात बोटही घातलं नव्हतं. तो कवळ्या करायचा. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, जिथे पेशंटला कधी नेत नाहीत अशा अरुंद खोलीत, खिडकीखालच्या बाकावर त्याचं आयुष्य गेलं. समोर प्लास्टरचे जबडे, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि बोटभर लांबीची एक सुरी. त्या सुरीनं तो मेणाच्या हिरड्या कोरायचा. गावातली निम्मी म्हातारी मंडळी त्याच्या दातांनी हसत होती, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचं तोंड माहीत नव्हतं.

काम मात्र असं करायचा की बघत राहावं. कवळी म्हणजे पांढऱ्या दाण्यांची सरळ रांग, असं मानणारे कारागीर पुष्कळ असतात. हा पुढचा एखादा दात केसभर वाकडा बसवायचा, सुळ्याचं टोक किंचित झिजवून ठेवायचा. सत्तरीच्या माणसाला पंचविशीचे दात दिले तर तो 'नमस्कार' म्हणाला तरी खोटं बोलतोय असं वाटतं, असं त्याचं म्हणणं. दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरीणबाई त्याच्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान. 'तुम्ही बघा, काका,' एवढंच म्हणून त्या साचा त्याच्या बाकावर ठेवायच्या आणि जायच्या. या तीन शब्दांवर तो महिनोन्‌महिने खूश असायचा.

आता त्याच्या घराण्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. त्याचे वडील शिंपी होते. पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोच त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बधिर झाली. वडिलांनी कात्रीला दोष दिला. जड आहे म्हणून हलकी आणली, हलकी कापड ओढते म्हणून परत जड आणली, मग मुठीला चिंध्या गुंडाळल्या. तोवर अंगठ्याच्या मागचं मांस बसत गेलं आणि बोटं आत वळली. मग डावा हात त्याच वाटेनं गेला. त्यांच्या थोरल्या भावाचं तेच. तो बेकरीत होता, त्यानं गार पिठावर खापर फोडलं. आजोबा घोडागाडी हाकायचे. त्यांच्या हातून लगाम सुटायला लागला तेव्हा त्यांनी घोडा विकला. घोडा बिचारा चांगला गुणी होता म्हणे.

हे घरातले सगळे जाणून होते आणि कुणीच बोलत नव्हतं. जे होतं ते घराण्यातल्या पुरुषांनाच होतं, आणि त्याला नाव नव्हतं, कारण नाव विचारायला कुणी कुठे गेलंच नव्हतं. दातवाला लहानपणापासून स्वतःच्या हातांकडे पाहुण्यांकडे बघावं तसा बघत आला होता. आहेत तोवर मान ठेवायचा. जड काही उचलायचा नाही, थंडीत खिशातून बाहेर काढायचा नाही. बायको चेष्टा करायची. "आमच्या यांचे हात शोकेसमध्ये ठेवायचे राहिलेत तेवढे," असं शेजारणींना सांगायची. पण तिची चेष्टाही वरवरची होती. नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा सासऱ्यांना घास भरवायचं काम तिच्याच वाट्याला आलं होतं, आणि ते तिनं शेवटपर्यंत केलं होतं.

वडिलांचं ते वय जवळ आलं तसं त्याच्या मनानं एकच घेतलं. इतकी वर्षं दिव्याखाली वाकून काढली, आता हात आहेत तोवर एकदा सायकलीवर सामान बांधून समुद्राच्या कडेकडेनं जायचं. रस्ता संपेल तिथवर. कुणाला भेटायला नाही, काही बघायलाही नाही. नुसतं जायचं. बायकोला सायकल येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. "जा," ती म्हणाली, "पण परत या म्हणजे झालं." तर अशा तऱ्हेनं तो लांब पल्ल्याची सायकल घ्यायला निघाला.

दुकान पुलाच्या अलीकडच्या उतारावर होतं. आत छताला चाकं टांगलेली, जमिनीवर तेलाचे डाग, आणि त्यात मिस्त्री. मिस्त्री म्हणजे दातवाल्याहून पाचसात वर्षांनी मोठा, बुटका, बडबड्या आणि स्वतःच्या कामाबद्दल लाज सोडून बढाया मारणारा. सायकल कुणीही विकेल, पण हँडल बसवावं ते आपणच, हा त्याचा दावा. "मला हरवेल असं हँडल अजून कुणी वाकवलेलं नाही," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा.

त्याची पद्धत मात्र खरोखर निराळी होती. दुकानात सायकलीवर बसवून माप घेणं त्याला मान्य नव्हतं. तो म्हणायचा, दुकानात सगळेच ताठ बसतात, फोटो काढल्यासारखे. तो हँडलला नवी कोरी पांढरी पट्टी गुंडाळायचा, कॅरिअरच्या पिशव्यांत विटा भरायचा आणि गिऱ्हाइकाला पुलापलीकडच्या टेकडीला वळसा घालून यायला लावायचा. माणूस घामेघूम होऊन परतला की त्याच्याकडे ढुंकून न बघता पट्टी बघायचा. जिथे मळली तिथे हात. जिथे काळीकुट्ट झाली तिथे भार जास्त. जिथे पांढरीच राहिली ती जागा फुकट. "तोंडानं माणूस काहीही सांगतो," मिस्त्री म्हणायचा, "पट्टी सांगते ते खरं."

दातवाल्यानं या विद्वानाचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, किंवा काय माहीत, काहीच फरक पडला नसता. त्याच्या डोक्यात एका चित्रातलं हँडल होतं. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, त्यावर ओणवा झालेला माणूस, मागे समुद्र. त्याला तेच हवं होतं.

"तुझ्या पाठीला हे नाही झेपायचं," मिस्त्री म्हणाला. "आधीच तू बाकावर वाकून वाकून प्रश्नचिन्ह झालायस. तुला उंच हँडल पाहिजे, जवळचं."

"मला हेच द्या."

"टेकडीला फेरी तरी मारून ये."

"नको. घरी जाता जाता फेरी होईलच."

मिस्त्रीला राग आला. पट्टी न बघता सायकल दुकानाबाहेर जाणं त्याला अपशकुनासारखं वाटायचं. पण गिऱ्हाईक हटून बसलं होतं. "मग रडत येऊ नकोस," असं म्हणून त्यानं सायकल दिली.

काही आठवडे गमतीत गेले. तो सकाळी कामाआधी नदीकाठानं जाऊन यायचा. मान आखडायची, खांदे भरून यायचे, पण ते दुखणं त्याला आवडायचं. बाकावरचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं. बायको सायकलीला सवत म्हणायला लागली. "सवतीला आंघोळ घातलीत का? मग माझंही जरा दळण आणा," अशी तिची भाषा.

आणि एका सकाळी, घाटाजवळ पाणी प्यायला थांबला असताना त्याच्या लक्षात आलं की उजवी करंगळी झोपली आहे. शेजारचं बोटही. त्यानं हात झटकला. तोंडात बोट धरून चावलं. चावल्याचं कळलं, पण लांबून कळल्यासारखं.

तिथेच कठड्यावर बसून राहिला. भीती वाटली. मग त्याची नजर सायकलीवर गेली. खाली वळलेलं हँडल. सगळा भार तळहातांवर. मिस्त्रीनं नको म्हटलेलं. टेकडीला फेरी न मारता हट्टानं घेतलेलं. दोष आपलाच की! हा विचार आला आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो एकटाच हसला. स्वतःची चूक इतकी गोड कुणाला लागली नसेल.

बायकोला मात्र हसू आलं नाही. तिनं त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि अंगठ्याच्या मागचं मांस चाचपलं. तिथे बघायचं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली.

"अगं, हँडल आहे ते. सायकलवाल्यांना होतं असं. भार पडला की नस दबते."

"असेल. दाखवू तर खरं."

"हँडल एकदा नीट बसू दे. तरी बोटं जागी झाली नाहीत, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो. तोंडातून ब्र काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

असा त्यांचा करार झाला, आणि करारात एक भोक आहे हे दोघांनाही कळत होतं. हँडल बसेपर्यंत डॉक्टर नाही. मग हँडल बसायची घाई कुणाला असणार?

तो रडत नाही, पण मान खाली घालून मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीचा चेहरा असा उजळला की जणू त्याच्या घरी कार्य होतं. "सांगत होतो की नाही? सांगत होतो की नाही?" असं तो चार वेळा म्हणाला आणि कामाला लागला. आधी हँडलचा दांडा वर ओढला. विटा भरल्या. पट्टी गुंडाळली. दातवाला टेकडीला वळसा घालून आला.

"मान?"

"मोकळी झाली."

"बोटं?"

"तशीच."

"दोन्ही हातांची?"

इथे दातवाल्यानं जे केलं ते फक्त त्याच्याच घराण्यातला माणूस करेल. डाव्या हाताला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्यापासून नव्हतं. पण हँडल दोन्ही हातांनी धरतात. दोष हँडलचा असेल तर दोन्ही हात बधिर व्हायला हवेत, एवढं त्यालाही कळत होतं आणि मिस्त्रीलाही कळलं असतं.

"दोन्ही," तो म्हणाला.

मग सुरू झाल्या त्या फेऱ्यांवर फेऱ्या. दर सुट्टीच्या दिवशी तो दुकानात. मिस्त्रीनं पुढचा दांडा आखूड केला, हँडल छातीजवळ आलं, आणि खांद्यांचं भरून येणं गेलं. बोटं तशीच. हँडलच्या मुठींवर मऊ जाड पट्टी चढवली, तळहाताचा दाह गेला. बोटं तशीच. मग मिस्त्रीला एकाएकी सुचलं की सीटचं नाक खाली झुकलंय, त्यामुळे माणूस पुढे घसरतो आणि हातांवर रेलतो. त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला, सीट सपाट केली. मनगटांची कळ गेली. एकेक दुखणं रजा घेऊन जात होतं. दातवाल्याला दर वेळी सायकल आणखी सुखाची व्हायची, आणि दर वेळी खापर फोडायला एक जागा कमी व्हायची.

घरी पोचला की बायको दारातूनच विचारायची, "बसलं का हँडल?"

"नाही अजून."

"मग मेला करतो काय तो दिवसभर! एवढ्या वेळात माणूस नवीन सायकल घडवेल."

"करतोय गं. अवघड केस आहे म्हणाला."

"तुमच्या जिभेला हाड नाही आणि त्याच्या कामाला हिशेब नाही," असं म्हणून ती आत जायची. रागानं जायची की सुटल्यासारखी जायची, हे तिचं तिलाच ठाऊक.

दवाखान्यात तो सुरी आता तीन बोटांत धरायला शिकला होता. कुणाला कळलं नाही. पुढचा दात केसभर वाकडा बसवायचा तो आता कधी दोन केस वाकडा बसायचा, मग तो काढून पुन्हा बसवायचा, आणि संध्याकाळी सगळे गेले तरी याच्या खिडकीत दिवा असायचा. एकदा तो वितळलेलं मेण ओतत होता आणि त्याला जळका वास आला. मेणाचा नव्हे. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. त्याची करंगळी दिव्याच्या ज्योतीत होती. किती वेळ होती कोण जाणे. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती आणि तो खुर्चीत आरामात बसलेला होता. हात मागे ओढायचीही त्याला स्वतःला आठवण करून द्यावी लागली.

त्यानं बोटाला फडकं बांधलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं की घरी कढई लागली. घरी सांगितलं की दवाखान्यात दिवा लागला. दुसरं खरं होतं, पण बायकोनं विचारलं, "मग ओरडलात का नाही?" आणि तो फडक्याची गाठ पुन्हा बांधायला लागला.

त्याच सुमारास त्याची थोरली बहीण राहायला आली. ती वडिलांवर गेली होती, पण बाई असल्यामुळे सुटली होती, आणि सुटल्याचं तिला कायम ओझं वाटायचं. भावाला ती अजून 'छोटू' म्हणायची. छोटूचे केस पांढरे झाले होते, पण ताईला त्याचं काय. आल्यापासून ती त्याच्या हाताकडे बघायची आणि त्यानं बघितलं की छताकडे बघायची. चहा घेताना त्यानं कप डाव्या हातानं उचलला.

"उजव्याला काय झालं?" तिनं विचारलं.

"भाजलं. आणि जरा हँडलचा त्रास आहे. मिस्त्री बसवतोय."

"कधीपासून बसवतोय?"

"होईल आता. सीट सपाट केल्यापासून खूप फरक आहे."

ताईनं कप खाली ठेवला. "छोटू," ती म्हणाली, "बाबा कात्री घेऊन आले की मला दाखवायचे. म्हणायचे, बघ, ही कशी हलकी आहे, आता बोटं उघडतील. मी म्हणायचे, हो बाबा, खूपच हलकी आहे. मला सगळं दिसत होतं रे. मी दरवेळी हो म्हणत गेले."

"कात्री जडच होती, ताई."

"नव्हती रे."

तो उठला आणि सायकल पुसायला अंगणात गेला. पुसण्यासारखं काही नव्हतं, सकाळीच पुसली होती. आत ताई रडत होती आणि बायको तिला काहीतरी समजावत होती. त्याला ताईचा संताप आला. आली कशाला ही, असं वाटलं. आणि मग वाटलं की सगळं टाकून तिच्या कुशीत डोकं घालावं. दोन्हीपैकी त्यानं काहीच केलं नाही. ताई दुसऱ्या दिवशी गेली.

इकडे मिस्त्रीची झोप उडाली होती. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. त्यानं दातवाल्याच्या मळलेल्या पट्ट्या फेकल्या नव्हत्या, खिळ्याला ओळीनं टांगून ठेवल्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून मत विचारायचा. शेवटी त्यानं ते मेंढ्याच्या शिंगांचं हँडल काढूनच टाकलं आणि दुसरं आणलं. रुंद, साधं, टोकं मागे माणसाकडे वळलेली. "यात चित्र नाही निघायचं," तो म्हणाला, "पण बसून बघ."

दातवाला नाही म्हणणार होता. चित्रातलं हँडल गेलं याचं त्याला वाईट वाटलं नाही, पण हे शेवटचं आहे हे मिस्त्रीच्या तोंडावरून कळत होतं. तो विटांच्या पिशव्यांसकट निघाला.

पूल ओलांडला तेव्हाच त्याला कळलं. पाठ अशी राहिली जशी ती कधीच राहिली नव्हती, ताठही नाही आणि वाकलेलीही नाही. कोपरं आपोआप सैल पडली. हात जिथे खाली येतात तिथे मुठी होत्या, पुढे जावं लागत नव्हतं, मागे यावं लागत नव्हतं. टेकडीचा चढ लागला तरी खांदे वर चढले नाहीत. त्यानं मान वळवून दोन्हीकडची शेतं बघितली. इतके दिवस याच रस्त्यानं जात होता, पण शेतं त्यानं पहिल्यांदाच बघितली. समोरून वारा आला. या सायकलीवर समुद्रापर्यंतच काय, कुठवरही जाता आलं असतं, आणि संध्याकाळी उतरताना काही दुखलं नसतं.

टेकडीच्या माथ्यावर तो थांबला. सगळ्या अंगात कुठेही कळ नव्हती. त्यानं उजवा हात मुठीवरून उचलला. दोन बोटं उघडली नाहीत. ती तशीच आत वळलेली राहिली, मूठ धरल्यासारखी, मूठ नसताना. डाव्या हातानं त्यानं ती सरळ केली. सोडली तशी ती परत वळली. आज ती थंडीनं नव्हती वळली, भारानं नव्हती. भार नव्हताच. भार कुठेच उरला नव्हता.

तो उतारानं सावकाश खाली आला. दुकानापाशी मिस्त्री रस्त्यावर येऊन उभाच होता. सायकल थांबायच्या आत तो पट्टीवर वाकला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, परत आला. मग सरळ झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं होतं. माणूस नाटकी होता, पण ते पाणी खरं होतं.

"बघ," तो म्हणाला. "कुठे काळं नाही, कुठे कोरं नाही. नुसता हात ठेवल्यासारखा ठेवलायस. असं हँडल मी माझ्या स्वतःच्या सायकलीला बसवलेलं नाही. आता सांग. बोटं?"

दातवाल्याला फक्त 'तशीच' म्हणायचं होतं. मिस्त्रीनं आणखी काहीतरी शोधलं असतं. पट्टी, दांडा, मुठी, काहीतरी. आणखी एक सुट्टी, मग आणखी एक. मिस्त्री दमणाऱ्यांपैकी नव्हता. पण समोर तो माणूस एवढा आनंदात उभा होता, आणि त्याचं काम खरोखर एवढं चांगलं झालं होतं, की त्याच्या कामाला नावं ठेवायला जीभ उचलेना. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसेल असं काहीतरी घडवणाऱ्याला बसलेली वस्तू कळते. तिला बसली नाही म्हणणं त्याला जमेना.

"मिस्त्री," तो म्हणाला, "डाव्या हाताला कधीच काही झालेलं नव्हतं."

मिस्त्रीला लगेच कळलं नाही. तो हसतच होता. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

"दोन्ही म्हणाला होतास तू."

"हो."

"हँडल एका हाताला धरून नाही बसत रे. दुखवलं तर दोघांना दुखवतं." त्यानं खिळ्याला टांगलेल्या पट्ट्यांकडे पाहिलं. "मग इतके दिवस मी काय करत होतो?"

"हँडल बसवत होतात. छान बसवलंत."

"आणि तू?"

दातवाल्यानं हात पुढे केला. मिस्त्रीनं त्याचा उजवा हात घेतला, बोटावरची भाजल्याची खूण पाहिली, अंगठ्यामागचा खळगा पाहिला. शिवी द्यायला उघडलेलं तोंड त्यानं मिटलं. मग पिशव्यांमधल्या विटा एकेक करून काढून भिंतीला लावून ठेवल्या. नेहमी ते काम गिऱ्हाइकाला करावं लागायचं.

"वडिलांना होतं?" त्यानं पाठमोरं राहूनच विचारलं.

"होतं."

"जा घरी," मिस्त्री म्हणाला. "नीट जा."

तो चालतच घरी आला. सायकल शेजारून ढकलत आणली. एवढी सुखाची सायकल, पण तिच्यावर बसावंसं वाटेना. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी म्हातारे भेटले आणि कवळी दाखवत हसले. त्यानंही मान हलवली. आपलीच कवळी, खालचा दात केसभर वाकडा. ती त्यानं दोन हातांनी केली होती, दहा बोटांनी.

अंगणात सायकल लावेपर्यंत बायको दारात आली होती. पदराला हात पुसत होती. इतक्या सुट्ट्यांचा तोच प्रश्न, त्याच सुरात.

"बसलं का हँडल?"

त्यानं सायकलीचं स्टँड लावलं. ती पडत नाही ना, हे बघितलं.

"बसलं," तो म्हणाला. "अगदी बसलं. कुठे काही दुखत नाही."

ती पायरी उतरून खाली आली. त्याला वाटलं, आता म्हणेल, चला, डॉक्टरकडे नंबर लावते. कराराप्रमाणे तिचा तो हक्क होता, आणि इतके दिवस ती त्याच दिवसाची वाट बघत होती. तिनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं आत वळलेली होती. तिनं झटकन नजर काढून घेतली आणि सायकलीकडे वळली. हँडलवर हात ठेवला. ते उगाच इकडेतिकडे हलवून पाहिलं. सायकलीतलं तिला काही म्हणता काही कळत नव्हतं.

"नाही हो," ती म्हणाली. "मला अजून जरा खालीच वाटतंय. त्याला म्हणावं, आणखी एकदा बघ."